फाईल आहे, पण उघडत नाही

पुण्याहून बेळगावला येताना मिरजेला गाडी बदलावी लागायची, हे आठवणारी माणसं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. एकेकाळी मिरज जंक्शनात तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडचा साडेपाच फुटी ब्रॉडगेज, आपल्या बेळगाव-लोंढ्याकडचा एक मीटरचा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा अडीच फुटी नॅरोगेज. इंजिन धडधाकट, डबे मालानं भरलेले. पण पुढचा रूळ वेगळ्या मापाचा, म्हणून गाडी तिथंच थांबायची. माणसांनी उतरून दुसऱ्या गाडीत बसायचं आणि हमालांनी पोती इकडून तिकडं टाकायची. नव्वदच्या दशकात आपल्या मार्गाचं रुंदीकरण झालं आणि ही कटकट संपली.

संगणकाच्या दुनियेत मात्र हे रुंदीकरण अजून अर्धवटच आहे. मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं बेळगावात अक्षरजुळणीचं काम करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं, कुलवृत्तांत असं सगळं हातून गेलं. या काळात गिऱ्हाइकांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "अहो, माझ्या कॉम्प्युटरवर बरोबर दिसत होतं!" गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. त्याच्याकडे बरोबर दिसतच असतं.

असं का होतं, ते जरा मुळापासून पाहू. संगणक म्हणजे नुसतं यंत्र. त्याच्याकडून काम करून घेणारी जी मुख्य व्यवस्था असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही बहुतेकांच्या ओळखीची. ॲपलच्या संगणकांची मॅक ओएस, आणि कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी अशी लिनक्स. आपण जे सॉफ्टवेअर वापरतो, म्हणजे पत्रिकेचं, हिशेबाचं किंवा चित्राचं, ते स्वतः फारसं काही करत नाही. ते सतत या व्यवस्थेकडे मागण्या करत असतं. 'पडद्यावर एक खिडकी काढ', 'ही फाईल आणून दे', 'छपाईयंत्राला निरोप धाड'. विंडोजकडे मागणी करण्याची पद्धत एक, लिनक्सकडे दुसरी, मॅककडे तिसरी. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवर टाकला, तर तो आपल्या पद्धतीनं मागण्या करत राहतो आणि समोरच्याला त्यातलं अक्षर कळत नाही.

यावर तोडगे निघाले. १९९३ साली लिनक्सवाल्यांनी 'वाईन' नावाचं काम हाती घेतलं. विंडोजच्या पद्धतीची मागणी ऐकायची, ती लिनक्सच्या भाषेत सांगायची आणि उत्तर उलट फिरवून द्यायचं, असा हा मधला दुभाषी. दुसऱ्याच्या कारखान्यातला नकाशा न पाहता, नुसत्या वागण्यावरून त्याची नक्कल उभी करायची होती. वाईनची १.० आवृत्ती बाहेर पडली २००८ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी! त्यावरून काम केवढं किचकट असेल ते ओळखावं. आज ते चांगलं चालतं, पण सगळेच प्रोग्रॅम चालतील याची हमी कुणी देत नाही.

बरं, व्यवस्था एकच असली तरी सुटका नाही. जुन्या विंडोजसाठी केलेले सोळा बिटांचे प्रोग्रॅम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ तर फक्त चौसष्ट बिटांचीच आहे. ॲपलनं आपल्या यंत्रांमधला प्रोसेसर १९९४, २००६ आणि २०२० अशा तीन वेळा बदलला आणि दर वेळी जुन्या प्रोग्रॅमसाठी काही काळापुरता दुभाषी दिला. आपल्या धंद्यातली एक खास गंमत सांगतो. पूर्वी मराठी जुळणीच्या काही सॉफ्टवेअरबरोबर एक 'लॉक' यायचं. काडेपेटीएवढी वस्तू, संगणकाच्या पाठीमागं प्रिंटरच्या पोर्टला खोचायची. ते खोचलेलं नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. पुढं नव्या संगणकांना ते पोर्टच राहिलं नाही. सॉफ्टवेअर रीतसर पैसे देऊन घेतलेलं, लॉक शाबूत, आणि खोचायला भोक नाही!

हे झालं प्रोग्रॅमचं. प्रोग्रॅम गेला तर दुसरा येतो. आपलं दुखणं त्याहून खोल आहे आणि ते अक्षरांचं आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराला एकेक आकडा ठरलेला आणि तो जगभर एकच. सुरुवातीच्या पद्धतीत एकूण जागा २५६. त्यातल्या पहिल्या १२८ इंग्रजीच्या. उरलेल्या १२८ मध्ये विंडोजनं एक मांडणी केली आणि जुन्या मॅकनं दुसरी. त्यात देवनागरीला जागाच नव्हती. मग आपल्याकडच्या लोकांनी युक्ती काढली. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या चित्राऐवजी देवनागरीचं चित्र भरायचं. संगणकाला वाटतं आपण इंग्रजीच लिहितोय. पडद्यावर दिसतं मराठी. चित्रंही पूर्ण अक्षरांची नव्हेत. अर्धा ग, अर्धा त, काना, वेलांटी, रफार असे तुकडे. अर्ध्या ग ला काना लावला की ग, आणखी एक काना लावला की गा. खिळे जुळवणाऱ्या जुन्या कंपोझिटरला हे सहज समजलं असतं.

या युक्तीला नावं ठेवायला मी तयार नाही. तिच्यामुळेच गावोगावच्या छपाईत संगणक आला आणि माझ्यासारख्यांची घरं चालली. पण प्रत्येक कंपनीनं तुकड्यांची मांडणी आपापल्या मनानं केली. एकीच्या फॉन्टमध्ये ज्या आकड्यावर 'म', दुसरीच्या फॉन्टमध्ये तिथंच 'ळ'. फॉन्ट बदलला की मजकुराचा चिवडा. बेळगावात तर एकाच पत्रिकेत मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं. म्हणजे दोन फॉन्ट आणि दोन मांडण्या. कन्नडवाल्यांचीही हीच रड. एक फॉन्ट पाठवायचा राहिला की वधुपक्ष नीट आणि वरपक्ष चिनी, अशी पत्रिका समोरच्याला दिसे.

सरकारी पातळीवर काहीच झालं नव्हतं, असं मात्र नाही. कानपूरच्या आयआयटीत आणि पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांवर पायाभूत काम झालं. भारतीय मानक संस्थेनं १९९१ साली 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली प्रमाण म्हणून जाहीर केली. त्याच वर्षी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. तिच्यात जगातल्या लिप्यांना स्वतंत्र आकडे होते आणि देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच घेतलेला होता. युनिकोडमध्ये आपल्या 'क'चा आकडा २३२५. कन्नड 'क'चा ३२२१. दोघं एका ओळीत बसले तरी एकमेकांच्या जागेवर हक्क सांगत नाहीत. निदान संगणकात तरी सीमावाद मिटला म्हणायचा!

पण आकडा ठरला म्हणजे अक्षर दिसलं असं नाही. युनिकोडमध्ये साठवताना फक्त स, हलन्त, थ, वेलांटी एवढंच साठवतात. त्यातून 'स्थि' हा आकार घडवणं, वेलांटी उचलून मागं नेणं, हे काम पडद्यावर दाखवणाऱ्या व्यवस्थेचं. साठवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. हे घडवण्याचं काम विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून आलं. तिच्यातला 'मंगल' हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. कवी आणि सुलेखनकार म्हणून त्यांना ओळखणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसतं. एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकोनात खूण करावी लागे आणि मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. ती सीडी दुकानदारानं दिलेली असेल तर ठीक. मॅकमध्ये अक्षर घडवण्याची रीत निराळी होती, त्यामुळं विंडोजसाठी केलेला चांगला युनिकोड फॉन्टसुद्धा जुन्या मॅकवर जोडाक्षरं मोडून दाखवी. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर तर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत. आज हे सगळीकडं बरंच सुधारलंय. लिनक्स, अँड्रॉइड, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सर्वांत अक्षर घडवायला 'हार्फबझ' नावाचा एकच खुला कारागीर वापरतात, त्यामुळं एका ठिकाणी दिसतं तसं दुसरीकडं दिसतं.

मग आता अडलंय कुठं? अडलंय जुन्या मालात. १९९० ते २०१० या वीस वर्षांत मराठीत जे जुळवलं गेलं, त्यातलं फार मोठं भांडार त्या तुकड्यांच्या फॉन्टमध्ये आहे. माझ्याकडं अलीकडंच आलेलं एक काम सांगतो.

खानापूर तालुक्यातल्या एका घराण्याचा कुलवृत्तांत २००३ साली छापला होता. तो ज्यांनी जमवला ते निवृत्त शिक्षक. छापून झाल्यावरही गुरुजी स्वस्थ बसले नाहीत. गोवा, इंदूर, बडोदा, अमेरिका, जिथं जिथं शाखा पसरली तिथून पत्रं मागवून नवी नावं, लग्नं, जन्म, मृत्यू, सगळं ते त्याच फाईलमध्ये भरून घेत राहिले. एका ओळखीच्या टंकलेखकाकडून हे काम २००९ पर्यंत चाललं. भरून झालेली पत्रं त्यांनी टाकून दिली, कारण सगळं कॉम्प्युटरात आहे. आता गुरुजी नाहीत, तो टंकलेखकही धंदा सोडून गेला. सूनबाई एक सीडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "छापलेलं पुस्तक घरी आहे हो, पण मामंजींनी नंतर घातलेलं फक्त ह्यात आहे. तीन ठिकाणी दाखवलं, कुणाकडं उघडेना."

सीडी वाचता आली, हे पहिलं नशीब. आतली फाईल पेजमेकरची. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आणि युनिकोड तिला ठाऊकच नाही. ज्या सॉफ्टवेअरबरोबर तो फॉन्ट यायचा ते लॉकवालं. म्हणजे नव्या विंडोजवर सगळ्याच वाटा बंद. शेवटी ती विंडोजवरची फाईल उघडली कुठं, तर माझ्या भाच्यानं मागं बसवून दिलेल्या लिनक्सवर! लिबरऑफिसमध्ये २०१५ पासून पेजमेकरच्या फाईली वाचायची सोय आहे. पानांची रचना विस्कटली, चौकटी इकडच्या तिकडं झाल्या, पण मजकूर आला. आला म्हणजे काय, कंस, टिंबं, टोप्या घातलेली रोमन अक्षरं, असा २१२ पानांचा गाळ. मी म्हटलं, "वहिनी, ते छापलेलं पुस्तक आणून द्या."

तीच किल्ली होती. छापलेल्या पुस्तकातली पहिली पानं आणि फाईलमधला पहिला गाळ शेजारी शेजारी ठेवायचे आणि कुठल्या खुणेला कुठलं अक्षर ते शोधायचं. गणपतीचं नाव कुठं येणार, कुलदैवताचं कुठं येणार, हे माहीत असतं. दोन दिवसांत तक्ता तयार झाला. अशा फॉन्टचं रूपांतर करणारे तयार प्रोग्रॅमही मिळतात, नेहमीच्या फॉन्टसाठी तेच वापरावेत. हा फॉन्ट आडगावचा निघाला.

खरी डोकेदुखी तक्त्यानंतर सुरू होते. तुकड्यांच्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी टाइप केलेली असते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवायची. म्हणून तिला उचलून पुढं न्यावं लागतं, पण किती पुढं? एकच घर पुढं नेली तर 'स्थिती'तली वेलांटी अर्ध्या स वरच अडकते. ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून गेली पाहिजे. रफाराचं नेमकं उलट. तो नंतर टाइप केलेला असतो आणि त्याला मागं आणायचं. 'कार्तिक' या एका शब्दात वेलांटी पुढं आणि रफार मागं अशी दोघांची एकाच त वरून ये-जा होते. आणि कुलवृत्तांतात नावंच नावं. इतर मजकुरात चुकलेला शब्द वाचून ओळखता येतो. नाव चुकलं तर ते कशावरून ओळखणार?

त्यात अमेरिकेतल्या शाखेनं घात केला. त्यांचे पत्ते आणि ईमेल गुरुजींनी इंग्रजीत घातले होते. नुसता मजकूर बाहेर काढला की कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये होता ही खूण पुसली जाते. माझ्या तक्त्यानं त्या इंग्रजी पत्त्यांचंही इमानेइतबारे 'मराठी' केलं. न्यू जर्सीच्या जागी काय उमटलं ते इथं छापण्यासारखं नाही. ते सगळे पत्ते मूळ फाईल समोर ठेवून एकेक करून परत बसवले.

आता मजकूर युनिकोडमध्ये आहे. तो विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर, मोबाइलवर सारखाच वाचता येतो. सूनबाईंनी घरी बसून फोनवर आपल्या माहेरचं गाव शोधलं आणि सापडलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. छापलेल्या पुस्तकात त्यासाठी सगळी सूची चाळावी लागली असती.

शोधण्यातही एक पाचर आहे, ती मराठी माणसानं माहीत करून घ्यावी. 'दुसऱ्या' हा शब्द बघा. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीचा खास. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण. डोळ्याला दोन्ही सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. एका पद्धतीनं लिहिलेली 'कुऱ्हाड' दुसऱ्या पद्धतीनं शोधली तर बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. तसंच 'ॲ'चं. मराठी वळणाच्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. तोवर कुणी अ वर चंद्र काढला, कुणी हिंदी वळणाचा 'ऍ' चालवून घेतला. एकाच घराण्यातले तीन वकील तीन प्रकारचे ॲडव्होकेट, असं माझ्यासमोर आहे. मी सगळे एका वळणावर आणले. संस्थांनी आणि ग्रंथालयांनी आपापल्या ठिकाणी ही पद्धत आधी ठरवून घेतली तर पुढचा त्रास वाचेल.

लोक विचारतात, मग पीडीएफ करून ठेवलं की झालं ना? पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधून ठेवता येतो, त्यामुळं ती कुठल्याही संगणकावर जशीच्या तशी दिसते. छापायला उत्तम. पण जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर उचलायला जा, पुन्हा तोच गाळ हातात येतो. दिसायला मराठी, आत चिवडा. म्हणून माझं गिऱ्हाइकांना सांगणं असतं, पैसे देताना तीन वस्तू मागून घ्या. छपाईची पीडीएफ, युनिकोडमधला साधा मजकूर, आणि जमलं तर ओडीटी प्रकारची फाईल. ओडीटीचा नमुना सगळ्यांना खुला आहे, २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ती उघडायला अमुकच कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही. पहिली दोन मिळाली नाहीत तर काम पूर्ण झालं असं मानूच नका. माझे धंदेबंधू यावर नाक मुरडतील. फाईल दिली की गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जातं, असं त्यांना वाटतं. जाईना का! मजकूर त्याचा आहे.

ज्यांच्या घरी, देवळात, वाचनालयात, मंडळाच्या कपाटात २००० सालच्या आसपासच्या सीडी आणि फ्लॉपी पडून आहेत, त्यांनी त्या या दिवाळीच्या आवराआवरीत फेकू नयेत. आणि नुसत्या जपूनही ठेवू नयेत. सीडी खराब होते, फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळेनासं झालंय. आतल्या फाईली आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मूळ फॉन्टची फाईल सापडली तर तीही बरोबर ठेवा, आणि त्या मजकुराचं छापलेलं एखादं पान असेल तर ते सर्वांत मोलाचं.

गुरुजींच्या कुलवृत्तांताचं मुद्रितशोधन सध्या त्यांचे धाकटे बंधू करताहेत. वय ८३. ते नावं मोठ्यानं वाचतात आणि सूनबाई पडद्यावर ताडून बघतात. इंदूरच्या शाखेपर्यंत झालंय. बडोद्याची आणि गोव्याची व्हायची आहे.